प्रश्न ठरवण्याचा अधिकार

एका भाजीच्या वाणावर देशातल्या सात शहरांत जाहीर सुनावणी झाली, त्याला आता दीड दशक उलटले. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूरु अशी ती शहरे. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत झालेल्या या सभांना मिळून सुमारे आठ हजार माणसे आली. वांगी पिकवणारे शेतकरी आले, जैवतंत्रज्ञानाचे प्राध्यापक आले, बियाणे कंपन्यांची माणसे, डॉक्टर, ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते, विद्यार्थी आणि गृहिणीही आल्या. बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीला परवानगी द्यावी का, एवढाच प्रश्न समोर होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निर्णय जाहीर केला: तूर्त परवानगी नाही. ही स्थगिती आजतागायत उठलेली नाही.

त्या निर्णयाने सुखावलेले आणि संतापलेले, दोघेही अजून तितक्याच पोटतिडकीने बोलतात. बीटी वांगे चांगले की वाईट, याचा निवाडा या पुस्तकात नाही. पुस्तकाचा विषय त्याहून मोठा आहे. संशोधन कशावर व्हावे, त्याला पैसा कोणी द्यावा, त्यातला धोका कोणाच्या वाट्याला यावा आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडलेली वस्तू समाजात आणायची की नाही, या निर्णयांत सामान्य नागरिकाचे स्थान कोणते? माझे म्हणणे असे की आज हे स्थान शेवटच्या सुनावणीतल्या खुर्चीपुरते उरले आहे. ते सुरुवातीला, संशोधनाचा प्रश्न ठरतो तिथे असायला हवे. बीटी वांग्याची हकिगत नीट वाचली तर हे म्हणणे तिच्यातूनच पुढे येते.

ही हकिगत जालन्यात सुरू होते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली, ती तिथली. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी हा वांगी पिकवणाऱ्याचा जुना वैरी. अळी एकदा फळात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच पुन्हा पुन्हा फवारणी करतो. खर्च वाढतो, विष त्याच्या अंगावर आणि आपल्या ताटात येते. मातीतल्या एका जिवाणूचे, म्हणजे बीटीचे, जनुक वांग्यात घातले तर झाडच अळीला मारक प्रथिन तयार करील, अशी महिकोची योजना होती. धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनीही या कामात भाग घेतला. जनुकीय बदल केलेल्या सजीवांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय समितीने, म्हणजे जीईएसीने, १४ ऑक्टोबर २००९ रोजी होकार दिला.

मधल्या सगळ्या वर्षांत वांगे पिकवणाऱ्याला किंवा खाणाऱ्याला कोणी काही विचारले नव्हते. आणि वांगे हे तर भारताचे घरचे पीक. जळगावच्या भरताच्या वांग्याची चव वेगळी, कृष्णाकाठच्या वांग्याची वेगळी, गोव्यातल्या आगशीच्या वांग्याची आणखी वेगळी. हे वाण गावोगावच्या शेतकऱ्यांनी बी राखून पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. त्यांच्या शेजारी जनुक बदललेले वांगे लावले तर पुढे काय होईल, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारण्याजोगा होता. तो शेवटच्या दिवशी विचारला गेला. चाचण्यांचे तपशील पाहायला मिळावेत म्हणूनसुद्धा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची कागदपत्रे २००८ साली खुली झाली, तीही त्या लढ्यामुळे.

त्यामुळे सात शहरांत जे उसळले ते बरीच वर्षे साचलेले होते. घोषणा झाल्या, फलक नाचवले गेले, माइकसाठी ओढाताण झाली. पण त्या गदारोळातही काही प्रश्न असे विचारले गेले, जे तज्ज्ञांच्या समितीत मध्यवर्ती नव्हते. सुरक्षिततेच्या चाचण्या ज्या कंपनीला बियाणे विकायचे आहे तिनेच का केल्या? आठवडी बाजारात तागडीत टाकलेल्या वांग्यावर लेबल कसे लावणार, आणि मग ग्राहकाने निवड कशी करायची? कीटकनाशकांशिवाय अळी आटोक्यात ठेवण्याचे जे प्रयोग आंध्र प्रदेशात मोठ्या क्षेत्रावर चालू होते, त्यांच्याशी या वाणाची तुलना कोणी केली का? रमेश यांच्या निर्णयपत्रात यांतले मुद्दे आले. स्वतंत्र चाचण्यांची व्यवस्था आपल्याकडे नाही, ही त्रुटी त्यांनी स्पष्ट नोंदवली. हे काम लोकांनी केले, आणि ते विज्ञानाच्या विरोधातले नव्हते. पुरावा कोणी गोळा केला आणि कशाशी ताडून पाहिला, हे विचारणे विज्ञानाच्या शिस्तीतच बसते.

तज्ज्ञांनाही ही तपासणी लागते. सुनावण्यांनंतर देशातल्या सहा विज्ञान आणि अभियांत्रिकी अकादमींनी मिळून सप्टेंबर २०१० मध्ये एक अहवाल दिला आणि बीटी वांग्याच्या मर्यादित लागवडीची शिफारस केली. त्यातला काही मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला निघाला. अकादमींना अहवाल मागे घेऊन डिसेंबरात सुधारून द्यावा लागला. अधिकारी संस्थेने सांगितले एवढ्यावर कोणी विश्वास ठेवावा, असे दिवस राहिलेले नाहीत, हे त्या प्रसंगाने वैज्ञानिकांनाही दाखवून दिले.

तरीही २०१० च्या त्या प्रयोगाला मी यशस्वी म्हणणार नाही. स्वतंत्र अभ्यासातून जनतेचे आणि तज्ज्ञांचे समाधान होईपर्यंत स्थगिती, असे ठरले. पण ते अभ्यास कोणी करायचे, केव्हापर्यंत करायचे आणि लोकांपुढे पुन्हा केव्हा यायचे, याची घडी बसलीच नाही. सुनावणी झाली आणि संवाद थांबला. ज्या शेतकऱ्यांना हे वाण हवे होते, तेही त्या सभांना आले होते. त्यांना पुढे उत्तर मिळाले नाही. तेच तंत्रज्ञान घेऊन बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी दिली आणि पुढच्या जानेवारीत तिथल्या वीस शेतकऱ्यांच्या हाती रोपे पडली. आपल्याकडे १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर या गावात शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील बीटी कापसाची जाहीर पेरणी केली. गुन्हा दाखल होईल हे ठाऊक असून शेकडो शेतकरी त्या शेतावर जमले. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे त्यांचे दुखणे खरे होते. तणनाशकाच्या अतिवापराची भीती वाटणाऱ्यांची काळजीही खरी होती. दोघांना समोरासमोर बसवून ऐकणारी जागा मात्र कुठे नव्हती. अशी जागा नसली की चोरटे बियाणे विनापावती विकले जाते, फसवणूक झाली तर दाद मागता येत नाही आणि सगळा धोका शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो.

अशी जागा तयार करणे शक्य असते का? जगात ती काही ठिकाणी झाली आहे, आणि तिथला तपशील बोलका आहे.

फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने रेण्वीय जीवशास्त्रज्ञ जमले. एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच हाती आले होते. स्वतःहून थांबून धोक्याचा विचार करणारे वैज्ञानिक, म्हणून त्या परिषदेचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण काही वकील आणि पत्रकार सोडले तर बाहेरचे कोणी तिथे नव्हते. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठाने अशा प्रयोगांसाठी प्रयोगशाळा उभारायचे ठरवले. तेव्हा महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी हा प्रश्न नगर परिषदेत आणला. प्रयोगांना तात्पुरती मनाई झाली आणि शहरातल्या नागरिकांची एक चौकशी समिती नेमली गेली. घरे गरम ठेवण्यासाठी लागणाऱ्या तेलाचा व्यापारी तिचा अध्यक्ष होता. रुग्णालयात काम करणारी एक ख्रिस्ती साध्वी आणि एक अभियंता हेही तिच्यात होते. जनुकशास्त्र यांचा विषय नव्हता. त्यांनी काही महिने दोन्ही बाजूंच्या वैज्ञानिकांच्या साक्षी घेतल्या, न कळलेले पुन्हा पुन्हा विचारले, आणि जानेवारी १९७७ मध्ये शिफारस केली की प्रयोग होऊ द्यावेत, पण सुरक्षेच्या जादा अटींसह. नगर परिषदेने त्याचा कायदा केला. सामान्य माणसांच्या हाती निर्णय दिला तर ते घाबरून विज्ञान बंद पाडतील, हे भाकीत खोटे ठरले. पुढे तेच शहर जैवतंत्रज्ञान उद्योगाचे जगातले एक मोठे केंद्र झाले.

डेन्मार्कने याची कायमची व्यवस्था लावली. तिथल्या संसदेने १९८०च्या दशकात तंत्रज्ञान मंडळ स्थापन केले आणि १९८७ मध्ये जनुक तंत्रज्ञानावर पहिली नागरिक सहमती परिषद भरवली. पद्धत साधी होती. विषयाशी हितसंबंध नसलेले चौदा-पंधरा नागरिक निवडायचे. दोन शनिवार-रविवार त्यांनी विषय समजून घ्यायचा. मग कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणत्या तज्ज्ञांना बोलवायचे, हे त्यांनीच ठरवायचे. तीन-चार दिवसांच्या खुल्या परिषदेत उत्तरे ऐकायची आणि आपला अहवाल स्वतः लिहून संसदेला द्यायचा. पहिल्या परिषदेनंतर संसदेने प्राण्यांवरच्या जनुकबदलाच्या संशोधनाला त्या वेळच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून निधी न देण्याचे ठरवले. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते मधले पाऊल: प्रश्नपत्रिका नागरिकांनी काढायची. आपल्याकडच्या बहुतेक जनसुनावण्यांत प्रश्नपत्रिका सरकारची असते आणि लोकांकडून फक्त हो किंवा नाही एवढे उत्तर अपेक्षित असते.

डेन्मार्क हा छोटा, सुशिक्षित आणि सधन देश, तिथे जमते ते आपल्याकडे कसे जमणार, अशी शंका हमखास येते. तिला आपल्याच भूमीवरची उत्तरे आहेत. २००१ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात 'प्रजातीर्पु' नावाची नागरिक ज्युरी बसली. बहुतेक अल्पभूधारक शेतकरी, त्यांत दलित आणि आदिवासी स्त्रियाही होत्या. सरकार, कंपन्या आणि अभ्यासक यांच्या साक्षी त्यांनी ऐकल्या आणि राज्याच्या 'व्हिजन २०२०' मधल्या शेतीच्या आराखड्यावर स्वतःचे मत दिले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे, हा रिवाजच पाडला आहे. बाहेरचा जाणकार तिथे माहिती देतो. निर्णय गाव घेते. डेन्मार्कची पद्धत आणि मेंढ्याची पद्धत यांत तत्त्वाचे अंतर मला दिसत नाही.

गडचिरोलीतच याची दुसरी बाजू पाहायला मिळते. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत दरवर्षी भरणाऱ्या आदिवासी आरोग्य संसदेत लोक आपले आजार आणि अडचणी मांडतात आणि संस्थेच्या कामाची दिशा त्यातून ठरत जाते. ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे सरकारी कार्यक्रम धरून चालत होते, तेव्हा राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास निघाला. १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासाने जगभरच्या आरोग्यधोरणाला नवा प्रश्न दिला. तो प्रश्न बायका एकमेकींत कुजबुजत होत्याच. विज्ञानाने त्यांना विचारले तेव्हा तो प्रश्न झाला. पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले गेले. प्रशिक्षण मिळालेली गावची बाई बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करू लागली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे संशोधन आहे. लोक प्रश्नात सामील झाले की ते उत्तरातही हात घालतात.

लोक स्वतः शोधही लावतात, हे महाराष्ट्राला दादाजी खोब्रागडे यांच्यामुळे ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि एचएमटी हा धानाचा वाण दिला. तो विदर्भातच नव्हे, शेजारच्या राज्यांतही पसरला. दादाजींना मात्र श्रेयासाठी झगडावे लागले आणि त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. ज्याला नवनिर्मितीच्या व्यवस्थेत बसायला जागा नाही, त्याच्या निर्मितीलाही ती व्यवस्था सहज ओळख देत नाही.

लोकसहभागावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप टाळता येणार नाही: विज्ञानातले सत्य हात वर करून ठरत नसते. आक्षेप बरोबर आहे. एखादे प्रथिन सस्तन प्राण्याच्या आतड्यात पचते की नाही, हे सभेत ठरवू नये; ते प्रयोगाने ठरते. पण किती पुरावा पुरेसा मानायचा, चूक झाली तर किंमत कोणी मोजायची, अळीवरच्या दहा उपायांपैकी कोणत्या उपायावर सार्वजनिक पैसा लावायचा, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत नसतात. ती मूल्यांची आणि न्यायाची उत्तरे आहेत. तज्ज्ञ ती देतो तेव्हा तोही एक नागरिक म्हणूनच देत असतो. या दोन प्रकारच्या प्रश्नांची गल्लत लोकांनी करू नये, तशी ती तज्ज्ञांनीही करू नये.

ही गल्लत झाली की काय होते, हे एचपीव्ही लशीच्या प्रकल्पाने दाखवले. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस दिली गेली. आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ती लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देते आणि जगात अनेक देशांत ती नित्याची झाली आहे. पण आपल्याकडे लोकांचा विश्वास गमावल्यामुळे चांगल्या लशीची वाटही कित्येक वर्षे अडली. त्यानंतर नियम सुधारले. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार प्रत्येक नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यांत एक सामान्य नागरिक हवाच. ही तरतूद मोलाची आहे. त्या एका खुर्चीवर कोण बसते, त्याला कागदपत्रे समजतील अशा भाषेत मिळतात का आणि बैठकीत त्याला बोलू दिले जाते का, हे पाहण्याची वेळ आता आली आहे.

कारण पुढचे निर्णय वेगाने येत आहेत. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने बाहेरचे जनुक न घालता केलेल्या जनुकसंपादनाच्या काही प्रकारांना जुन्या नियमांतल्या कठोर तपासणीतून वगळले. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. हे वाण उपयोगी ठरतील अशी आशा मलाही आहे, पण ज्या नियमबदलामुळे ते शक्य झाले त्यावर गावात, बाजारात, ग्राहकांत चर्चा झाली नाही. जुलै २०२४ मध्ये जनुकबदल केलेल्या मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत झाले: जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवे आणि ते तज्ज्ञ, राज्ये आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावे. संशोधनाला निधी देण्यासाठी २०२३ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळात उद्योगक्षेत्राला जागा आहे. शेतकरी, रुग्ण किंवा ग्रामसभा यांच्यासाठी तशी जागा नाही.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या क्षेत्रांचे आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. ते वाचताना वाचकाने चार कसोट्या हाताशी ठेवाव्यात. लोकांना केव्हा बोलावले, प्रश्न ठरताना की निर्णय ठरल्यावर? माहिती त्यांच्या भाषेत आणि पुरेशी आधी दिली का? परस्परविरोधी तज्ज्ञांना विचारण्याची संधी मिळाली का? आणि लोकांनी जे सांगितले ते मान्य किंवा अमान्य करताना सरकारने लेखी कारण दिले का? चौथी कसोटी मला सर्वांत कठीण वाटते. लोकांचे म्हणणे प्रत्येक वेळी मान्य व्हावे असा आग्रह धरता येत नाही, पण उत्तर मिळण्याचा हक्क सोडता येत नाही.

सुरुवात कुठून करायची, यासाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक, जॉइंट ॲग्रेस्को, दरवर्षी भरते. नवे वाण, अवजारे आणि शिफारशी तिथे मान्य होतात. अकोल्याच्या शिवारफेरीला शेतकरी मोठ्या संख्येने येतात, उभे पीक पाहतात आणि नेमके प्रश्न विचारतात. पण तोवर वाण तयार झालेला असतो. ॲग्रेस्कोच्या आधी प्रत्येक विभागात कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर स्त्रिया आणि ग्राहक यांची एक अभ्यासमंडळी बसवावी. पुढच्या पाच वर्षांत विद्यापीठाने कोणते प्रश्न हाती घ्यावेत, हे तिने अभ्यासाअंती सांगावे, आणि विद्यापीठाने प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. हा पैसा आपल्या करातून जातो, हे वाण आपल्या शेतात उगवतात आणि आपल्या ताटात येतात. म्हणून ही मागणी आपणच केली पाहिजे, आणि ती पुढच्या बैठकीआधी केली पाहिजे.